ट्रू कॉपी, नोटरी, अपोस्टील: व्हिसाच्या कागदांबद्दल तुमचे प्रश्न

व्हिसासाठी ओळखपत्रं, दाखले प्रमाणित करून घेण्याबद्दल काही अडलं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि एवढे मेल आले की सगळे छापणं शक्य नाही. त्यातले ज्यात बऱ्याच जणांचं उत्तर येऊन जाईल असे निवडलेत. नावं देत नाही, फक्त कुठून आलेत ते देते. वाचायच्या आधी एकच सांगते, नियम देशागणिक बदलतात आणि एकाच देशाच्या दोन व्हिसांचेही वेगळे असू शकतात, त्यामुळे तुमच्या व्हिसाची चेकलिस्ट त्या देशाच्या सरकारी साइटवरूनच काढा, सोसायटीतल्या कुणाच्या मुलाने मागच्या वर्षी काय दिलं होतं त्यावरून नको.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही रिटायर्ड आहोत. मुलगी इंग्लंडमध्ये आहे, तिच्याकडे दोन महिने जायचंय. घराजवळच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की पासपोर्ट, आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, घराचे कागद सगळं नोटरी करून घ्या, नाहीतर फाइल परत येते. त्याच्याच ओळखीचा नोटरी आहे आणि तो प्रत्येक पानाचे पैसे घेतो. खरंच लागतं का हे? (कोथरूड)

नाही लागत. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन असतो, कागद स्कॅन करून अपलोड करायचे आणि अपॉइंटमेंटच्या दिवशी ओरिजिनल पासपोर्ट घेऊन जायचं, बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. तुमच्याकडे ओरिजिनल आहे ना, मग त्याचाच स्वच्छ रंगीत स्कॅन द्यायचा. झेरॉक्स काढून, तिच्यावर शिक्का मारून, परत ती स्कॅन करून द्यायची ह्यात काही अर्थच नाही, उलट शिक्क्याखाली अक्षरं झाकली जातात आणि वाचणाऱ्याला त्रास.

तुमच्या बाबतीत लक्ष द्यायचंय ते मराठी कागदांकडे. सातबारा, एखादं जुनं खरेदीखत असं जे जे फक्त मराठीत आहे आणि तुम्ही जोडणार आहात, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. ब्रिटनचं म्हणणं एवढंच आहे की भाषांतर बरोबर असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यावं, आणि त्यावर तारीख, त्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा पत्ता-फोन असावा. हे चार-पाच तपशील नसले तर भाषांतर कितीही सुंदर असलं तरी ते अधिकाऱ्याच्या दृष्टीने कुठून आलं ते कळत नाही.

आणि काका-काकू, एक मनापासून सांगते, घाबरून सगळ्यावर शिक्के मारून घेऊ नका. ज्येष्ठांना 'फाइल परत येईल' म्हणून घाबरवतात आणि ज्याची कुणी मागणीच केलेली नाही अशा कामाचे पैसे उकळतात, हे मला सारखं ऐकायला मिळतं आणि फार राग येतो त्याचा. नोटरीची फी सरकारी नियमात ठरवून दिलेली असते आणि नोटरीने ती ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसेल अशी लावायची असते, तसाही नियम आहे. पुढे कधी खरंच नोटरीकडे जायची वेळ आली तर तो बोर्ड कुठेय विचारा आणि पावती मागा.

प्रश्न: माझ्या मिस्टरांनी कॅनडातून माझा पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याचा, अर्ज स्पॉन्सर केलाय. माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा आहे, पूर्ण मराठीत, हाताने लिहिलेला. भाषांतर हवंय आणि 'सर्टिफाइड कॉपी' हवी असं लिहिलंय. माझी मामेबहीण वकील आहे आणि नोटरीपण आहे, ती म्हणते मीच करून देते दोन्ही, कशाला पैसे घालवतेस. चालेल ना? आणि सर्टिफाइड कॉपीवर नक्की काय लिहिलेलं असायला पाहिजे? इथे शिवाजीनगर कोर्टापाशी दोन नोटरींना विचारलं, दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली. (वाकड)

मामेबहीण चालणार नाही. तिच्याबद्दल शंका आहे म्हणून नाही, कॅनडाचा नियमच तसा आहे. अर्जदाराच्या घरच्यांनी ना भाषांतर करायचं ना कॉपी प्रमाणित करायची, आणि घरच्यांच्या व्याख्येत आईवडील, पालक, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, मुलं, काका-मामा, मावशी-आत्या, भाचे-पुतणे आणि सख्खी चुलत-मामे-मावस-आते भावंडं सगळी येतात. तो नातेवाईक स्वतः वकील, नोटरी किंवा भाषांतरकार असला तरी चालत नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. अर्ज भरून देणारा कन्सल्टंटसुद्धा भाषांतर करू शकत नाही. आपल्याकडे घरातलं कुणीतरी इंग्रजीचं प्रोफेसर असतंच आणि आपण निर्धास्त होतो, तर तसं नको.

आता काम कसं करायचं ते सांगते. भाषांतर करणारा बाहेरचा माणूस शोधा, ज्याला मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट येतात. तो कॅनडातल्या भाषांतरकारांच्या संस्थेचा सर्टिफाइड सदस्य नसणार, म्हणून त्याला अफिडेव्हिट करावं लागतं. म्हणजे नोटरीसमोर शपथेवर सांगायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर मूळ कागदाशी जुळतं. दाखल्यावरचे शिक्केही भाषांतरात आले पाहिजेत. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, त्यातलं तालुका-जिल्हा, 'ग्रामसेवक' असं सहीखाली लिहिलेलं, कडेला कुणी तारीख घालून काही खरडलेलं असेल तर तेपण. लोक फक्त रकान्यांचं भाषांतर करतात आणि शिक्का सोडून देतात, नेमकं तेवढ्यावरून कागद परत मागवला जातो. अर्जात मग इंग्रजी भाषांतर, अफिडेव्हिट आणि ज्यावरून भाषांतर केलं त्या कागदाचा स्कॅन असं तिन्ही जातं. भाषांतरकाराने ओरिजिनल बघून काम केलं असेल तर ओरिजिनलचा स्कॅन, आणि त्याला तुम्ही झेरॉक्स दिली असेल तर ती झेरॉक्स प्रमाणित केलेली हवी. म्हणून माझं म्हणणं असं की त्याला ओरिजिनलच दाखवा, ते त्याच्याकडे ठेवून येऊ नका पण दाखवा, एक काम वाचतं.

सर्टिफाइड कॉपी लागलीच, तर तिच्यामागे साधी गोष्ट आहे: अधिकार असलेला माणूस ओरिजिनल आणि झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि लिहून देतो की ही त्याचीच प्रत आहे. कॅनडाला झेरॉक्सवर हे एवढं हवं असतं: ही मूळ कागदाची खरी प्रत असल्याचं मी प्रमाणित करतो, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, मूळ कागदाचं नाव, प्रमाणित केल्याची तारीख, करणाऱ्याचं नाव, त्याचा हुद्दा आणि सही. भारतातून करताना नोटरी चालतो, न्यायाधीश-मॅजिस्ट्रेट किंवा कोर्टाचा अधिकारी चालतो, शपथ देण्याचा अधिकार असलेला कमिशनर चालतो. आपल्याकडे एसईओ म्हणजे विशेष कार्यकारी अधिकारी असतात, राजपत्रित अधिकारी असतात, कॉलेजच्या अॅडमिशनला आपण त्यांच्याकडेच धावायचो, पण त्यांचा शिक्का इथल्या कामांपुरता ठीक आहे, कॅनडाच्या यादीत त्यांचं नाव नाही, तेव्हा नोटरीच बरा.

तुम्हाला दोन नोटरींनी दोन उत्तरं दिली ती बहुतेक ह्यामुळे, की बऱ्याच जणांकडे फक्त 'ट्रू कॉपी' एवढाच रबर स्टँप असतो, तो मारला, सही केली, लाल तिकीट चिकटवलं की त्यांच्या दृष्टीने काम झालं. इथल्या बँकेला तेवढं पुरतं. बाहेरच्या देशाला नाही पुरत. त्यामुळे जाताना ते वाक्य इंग्रजीत टाइप करून त्याखाली कागदाचं नाव, तारीख, नोटरीचं नाव आणि हुद्दा अशा मोकळ्या जागा सोडून झेरॉक्सच्या खालच्या भागावरच प्रिंट करून न्या, म्हणजे नोटरीला फक्त भरायचं आणि सही करायचीय. कुणी नाही म्हणत नाही. स्टँप पेपर लागेल असं कुणी म्हटलं तर सांगा की अफिडेव्हिट वेगळं आणि ट्रू कॉपी वेगळी, ट्रू कॉपी झेरॉक्सवरच होते.

शिक्का तपासायची पण सवय ठेवा. १९५६ च्या नोटरी नियमांप्रमाणे नोटरीचा शिक्का गोल असतो, ५ सेंटिमीटर व्यासाचा, त्यात त्याचं नाव, त्याला नेमून दिलेला भाग आणि केंद्र की राज्य, कुठल्या सरकारने नेमलं ते असतं. सर्टिफिकेट ५ वर्षांचं असतं आणि पुढे रिन्यू करावं लागतं, तेव्हा मुदत संपलेली नाही ना ते बघून घ्या. नोटरीच्या रजिस्टरमध्ये नोंद व्हायला हवी आणि तो नोंदीचा नंबर तुमच्या कॉपीवर यायला हवा. पासपोर्टची कॉपी असेल तर पहिलं फोटोचं पान आणि शेवटचं आईवडिलांच्या नावाचं, पत्त्याचं पान दोन्ही, आणि सगळी पानं मागितली असतील तर कोरी पानंसुद्धा.

सगळ्यात महत्त्वाचं, नोटरी ओरिजिनल न बघता सही करायला लागला तर तुम्हीच त्याच्यासमोर ओरिजिनल उघडून ठेवा आणि म्हणा, साहेब एकदा बघून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या कॉपीत झेरॉक्स मशीनमध्ये दाखल्याची खालची ओळच कापली गेली होती, नोंदणीच्या तारखेची. नोटरीने न बघता सही केली, आणि ते कळलं तिकडून पत्र आल्यावर. सही करणाऱ्याला तो कागद पुढे कुठे जाणार हे माहीतही नसतं, आपल्याला माहीत असतं, म्हणून बघायची जबाबदारी आपणच घ्यायची.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत सिटिझन झाला, त्याने माझ्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केलाय. माझा जन्म १९५० सालचा, खेड्यातला, घरीच झालेला, जन्मदाखला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर सासरचंच पण स्पेलिंग वेगळं. एक एजंट म्हणतो की मी जुन्या तारखेचा जन्मदाखला काढून देतो, थोडा खर्च येईल. रात्री झोप लागत नाहीये, काय करू? (सदाशिव पेठ)

काकू, पहिलं म्हणजे त्या एजंटला नाही म्हणून सांगा, आजच. खोटा कागद दिल्याचं उघडकीला आलं तर अमेरिकेत आयुष्यभरासाठी दार बंद होऊ शकतं. कॅनडात ५ वर्षांची बंदी आहे, ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत. तुमची खरी बाजू इतकी सरळ आहे की खोट्याची गरजच नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदाच मुळी १९६९ चा आहे. त्याच्या आधी खेड्यात घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद नसणं ही तुमच्या पिढीत अगदी नेहमीची गोष्ट, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. म्हणूनच त्यांनी त्यासाठी रस्ता ठेवलाय. तुमचा जन्म जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून, खेडं असेल तर ग्रामपंचायत आणि शहर असेल तर नगरपालिका-महापालिका, रेकॉर्ड शोधून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा. इंग्रजीत त्याला नॉन अव्हेलेबिलिटी सर्टिफिकेट म्हणतात. आधी खरंच शोधायला लावा हं, कधी कधी जुन्या रजिस्टरमध्ये नाव न घालता नुसतं 'मुलगी' अशी नोंद असते, वडिलांच्या नावाखाली, आणि ती सापडली तर तीच सगळ्यात उत्तम. नाहीच सापडली तर तो दाखला आणि सोबत दुसरे पुरावे: शाळा सोडल्याचा दाखला, आणि तुमच्या जन्माच्या वेळी हयात असलेल्या, तुमच्याहून मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. मोठे भाऊ, मोठी बहीण, एखादी मावशी किंवा आत्या कुणी आहे का बघा. प्रतिज्ञापत्रात त्यांना माहिती कशी आहे ते आलं पाहिजे, म्हणजे 'मी तेव्हा अमुक वर्षांची होते, त्याच घरात राहत होते' असं. नुसतं 'मला माहीत आहे' एवढंच लिहून भागत नाही. हे शक्य तितक्या लवकर करा, कारण ती माणसंही वयस्कर असणार.

नावांचं म्हणाल तर लग्नानंतर नाव बदलणं हा काही गुन्हा नाही, आणि आपल्याकडे तर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं म्हणजे मधलं आणि आडनाव दोन्ही बदलतात. लग्नाचं प्रमाणपत्र हा त्यातला दुवा, माहेरचं नाव आणि सासरचं नाव जिथे एकत्र दिसतं तो. तुमचं लग्न नोंदवलेलं नसेल तर ते आताही नोंदवता येतं का ह्याची चौकशी करा. राज्यात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा कायदा आहे आणि त्यातलं प्रमाणपत्र मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळतं का तेही तेव्हाच विचारून घ्या. स्पेलिंगच्या फरकासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करतात, ते जोडा. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये आधी वापरलेली नावं विचारतात, तिथे माहेरचं नाव, वेगळं स्पेलिंग सगळं लिहून टाका. न लिहिलेलं नाव नंतर कागदावर सापडलं की प्रश्न येतात, आधीच लिहिलेलं असलं की येत नाहीत. आधारचं स्पेलिंग मात्र पासपोर्टप्रमाणे करून घ्या, ते सोपं आहे, आणि ते पासपोर्टला जुळवायचं, पासपोर्ट आधारला नाही.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर इथेही लागेल, त्यावर भाषांतरकाराने लिहून सही करायची की भाषांतर अचूक आहे आणि मी ते करायला सक्षम आहे. आधी सगळ्याचे स्कॅन ऑनलाइन जातात, इंटरव्ह्यूला मुंबईला जाताना ओरिजिनल बरोबर न्यायचे. एक वेगळी प्लॅस्टिकची फाइल करा आणि ती कुणाच्याही हातात देऊ नका, भाच्याच्या मित्राच्या सुद्धा नाही.

प्रश्न: दुबईला नोकरी मिळतेय. एजंट म्हणतो डिग्री आणि मॅरेज सर्टिफिकेट अपोस्टील करायला लागेल, ओरिजिनल पासपोर्टसकट सगळं माझ्याकडे द्या, महिन्याभरात देतो. डिग्री मी आधीच लॅमिनेट केलीय. (हडपसर)

पासपोर्ट द्यायचा नाही. डिग्रीच्या कामाला पासपोर्टची झेरॉक्स लागू शकते, ओरिजिनल महिनाभर कुणाकडे ठेवायचं कारण नाही. आणि तो परदेशी नोकरीचा एजंट आहे ना, मग १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याची नोंदणी असायला हवी, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी असते, त्यात त्याचं नाव शोधा. नसेल तर पुढे बोलणंच नको.

दुसरं म्हणजे तो अपोस्टील म्हणतोय तेच मला खटकतंय. अपोस्टील म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, ते १९६१ च्या हेग कराराखालचं काम, भारतात तो करार २००५ पासून लागू आहे, आणि जे देश त्यात आहेत त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने अपोस्टील लावलं की त्या देशाच्या दूतावासात जायची गरज राहत नाही. कॅनडा २०२४ च्या जानेवारीपासून त्यात आला. संयुक्त अरब अमिराती मात्र त्यात नाही. त्यांच्यासाठी कागद आधी राज्याच्या संबंधित खात्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग त्यांच्या दूतावास-वकिलातीकडून अटेस्ट होतो. त्यामुळे एजंटला विचारा की नक्की कुठले शिक्के येणार आणि कुठल्या क्रमाने, आणि कंपनीच्या एचआरकडून लेखी मागा की त्यांना काय हवंय. २०१९ पासून परराष्ट्र मंत्रालयाने हे काम दिल्लीबाहेरच्या १५ शहरांत सुरू केलं त्यात आपल्या राज्यातून मुंबई आहे, पण कागद तुम्ही स्वतः खिडकीवर देत नाही, मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सींमार्फत जातात. अपोस्टीलची मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये एवढीच आहे, बाकी जे काही सांगतात ते त्या त्या एजन्सीचं आणि मधल्या माणसाचं, हे माहीत असू द्या म्हणजे घासाघीस करता येते.

लॅमिनेशनची खरी अडचण आहे, कारण शिक्के बहुतेक कागदाच्या मागच्या बाजूला पडतात आणि प्लॅस्टिकवर ते पडत नाहीत. घरी इस्त्रीने वगैरे काढायला जाऊ नका, कागद जातो. विद्यापीठाकडे डुप्लिकेट डिग्रीसाठी अर्ज करा, वेळ लागतो म्हणून आधी तेच काम हातात घ्या.

प्रश्न: व्हिसाच्या फाइलला आधारची झेरॉक्स जोडावी का? आणि डिजिलॉकरमधली प्रिंट चालते का? (पिंपळे सौदागर)

चेकलिस्टमध्ये नसेल तर जोडू नका. आधार हा ना नागरिकत्वाचा पुरावा आहे ना जन्मतारखेचा, व्हिसाला तुमची ओळख म्हणजे पासपोर्ट. कुठे पत्त्यासाठी मागितलंच तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा की कुठल्या कामासाठी दिलीय आणि कधी. डिजिलॉकरचे कागद आपल्याकडे कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीचे आहेत, पण बाहेरच्या देशाला ते मान्य आहेत असं गृहीत धरू नका. जन्मदाखला, लग्नाचा दाखला कागदावरचा, सही-शिक्क्याचा हातात असू द्या, आणि महापालिकेकडून घेताना एकाच्या जागी दोन-तीन प्रती मागा, नंतर परत खेप नको.